हद्दीच्या आतले १४१

सेंट लुइस शहरातून मिसिसिपीचा पूल ओलांडला की मिझुरी राज्य मागे पडतं आणि इलिनॉय लागतं. पुलाच्या त्या टोकाला ईस्ट सेंट लुइस हे वेगळं शहर आहे आणि त्याच्या दक्षिणेला खेटून सोझे. इलिनॉयच्या कायद्यात सोझेची नोंद खेडं म्हणून आहे. म्हणजे स्वतःचा अध्यक्ष, स्वतःचं विश्वस्त मंडळ आणि स्वतःची करआकारणी असलेली स्थानिक संस्था. २००० च्या जनगणनेत इथे २४९ माणसं मोजली गेली, २०१० मध्ये १५९ आणि २०२० मध्ये १४१. आपल्याकडच्या एखाद्या वाडीएवढी ही वस्ती. तिच्या हद्दीत मात्र रसायनांचे कारखाने आहेत, तांब्याच्या नळ्यांचा कारखाना आहे, घातक कचरा जाळायची भट्टी आहे, आसपासच्या गावांचं सांडपाणी शुद्ध करणारं मोठं केंद्र आहे, रात्रभर चालणारे क्लब आहेत आणि बेसबॉलचं स्टेडियमही आहे.

अमेरिकेतल्या कुठल्याही गावाचे तक्ते घरबसल्या मिळतात. वय, वंश, शिक्षण, कुटुंबाचं उत्पन्न, दारिद्र्य, सगळं ओळीने मांडलेलं असतं. ते वाचून गाव कळतं का, हा प्रश्न मला बराच काळ छळतो आहे, आणि त्यासाठी सोझेसारखं दुसरं उदाहरण मला सापडलेलं नाही. दोन बाजू नीट भांडाव्यात म्हणून मी दोन माणसं उभी केली आहेत. मावशी पुण्याच्या, जनगणनेच्या कार्यालयातून निवृत्त झालेल्या. भाचा केमिकल इंजिनिअर, सेंट लुइसला स्थायिक. दोघं लेखापुरती आहेत. त्यांच्या बोलण्यातली गावं, सालं आणि आकडे खरे आहेत.

भाचा : तक्ता बघितलास ना मावशी? दोन मिनिटांत वाचून होतो. १४१ माणसं, मूठभर घरं. गाव कळायला याहून सोपं काय असणार?

मावशी : बघितला. पहिलं म्हणजे, १४१ हा आकडाही नक्की १४१ आहे असं समजू नकोस.

भाचा : अगं, अमेरिकेची जनगणना आहे ती.

मावशी : म्हणूनच सांगते. माणसाची माहिती गुप्त ठेवणं तिथे कायद्याने बंधनकारक आहे. गाव लहान असलं की तक्त्यावरून नेमकं कोणतं घर, कोणतं माणूस हे ओळखता येतं. म्हणून २०२० पासून त्यांचं जनगणना खातं लहान ठिकाणांच्या आकड्यांत मुद्दाम थोडा फरक मिसळतं. राज्याची एकूण लोकसंख्या जशी मोजली तशीच छापतात. गावाच्या आकड्याला ती हमी नाही. नेब्रास्कात मोनोवाय नावाचं खेडं आहे, तिथे एकच वृद्ध बाई राहतात. २०२० च्या तक्त्यात त्या खेड्याची लोकसंख्या २ आहे. दुसरं माणूस गणिताने घातलेलं आहे.

भाचा : बरं, १४१ च्या जागी १३५ असतील नाहीतर १५० असतील. गावाचं चित्र बदलत नाही.

मावशी : माणसांच्या संख्येत नाही बदलत. उत्पन्नाच्या रकान्यात बदलतं. उत्पन्न आणि दारिद्र्य हे त्यांच्या दहा वर्षांच्या मोजणीत विचारतच नाहीत आता. ते आकडे नमुना पाहणीतून येतात, आणि लहान गावांसाठी पाच वर्षांच्या पाहण्या एकत्र कराव्या लागतात. १४१ माणसांच्या गावातली किती घरं त्या नमुन्यात येणार? हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. एक कुटुंब गाव सोडून गेलं, एका माणसाची नोकरी सुटली, की दारिद्र्याची टक्केवारी कुठल्या कुठे जाते. असला आकडा मी माझ्या हाताखालच्या माणसाला सही करून पुढे पाठवू दिला नसता.

भाचा : मग काय, आकडे टाकून द्यायचे?

मावशी : टाकायचे कशाला? आकडा कुठल्या प्रश्नाचं उत्तर आहे, एवढं लक्षात ठेवायचं. जनगणना विचारते, १ एप्रिलला तुझं राहतं घर कुठे आहे? सोझेच्या हद्दीत राहतं घर असणारी माणसं १४१ च्या आसपास. या प्रश्नाचं ते चांगलं उत्तर आहे. पण सोझे हे गाव राहण्यासाठी वसलेलंच नाही. ज्या गोष्टीसाठी ते वसलं ती त्या तक्त्यात कुठेही नाही.

भाचा : ते मी सांगतो. सकाळची शिफ्ट सुरू होताना तिथल्या फाटकांवर उभी राहा. रहिवाशांच्या कित्येक पट माणसं आत जातात. सोझे ही औद्योगिक वसाहत आहे, आणि तिने कधी ते लपवलेलं नाही.

इथे थोडा इतिहास सांगायला हवा. १९०१ मध्ये सेंट लुइसमध्ये जॉन क्वीनी या औषध व्यवसायातल्या माणसाने रसायनांची कंपनी काढली आणि तिला बायकोच्या माहेरचं नाव दिलं, मोन्सँटो. पहिलं उत्पादन सॅकरिन. १९१७ मध्ये या कंपनीने नदीपलीकडची, इलिनॉयमधली कमर्शियल अॅसिड कंपनी विकत घेतली. त्या कारखान्याभोवतीची जमीन १९२६ मध्ये वेगळं खेडं म्हणून नोंदवली गेली, आणि त्या खेड्याचं नावच मोन्सँटो ठेवलं. विदर्भ-मराठवाड्यात २००२ नंतर बीटी कापसाबरोबर घरोघरी पोचलेलं, जालन्याच्या महिको कंपनीच्या जोडीने ऐकू आलेलं नाव ते हेच. म्हणजे हे नाव आपल्या शिवारात येण्याच्या पाऊणशे वर्षं आधी अमेरिकेच्या नकाशावर एका गावाला लागलं होतं. १९६७ मध्ये गावाचं नाव बदलून सोझे केलं गेलं, पहिले अध्यक्ष लिओ सोझे यांच्या घराण्यावरून. गावाचं प्रमुखपद पुढेही दीर्घकाळ याच घराण्यात राहिलं.

भाचा : आता मला सांग, यात वावगं काय? कारखान्याला तीन गोष्टी लागतात. पाणी, रेल्वे आणि उद्या नियम बदलणार नाहीत ही खात्री. पहिल्या दोन नदीकाठी होत्याच. तिसरी गोष्ट ईस्ट सेंट लुइसची नगरपालिका देऊ शकत नव्हती. तिथल्या कारभाराचा भ्रष्टाचार त्या काळातही प्रसिद्ध होता. गुंतवणूक करणारा माणूस असल्या नगरपालिकेच्या हातात आपला कारखाना देईल का?

मावशी : नगरपालिका भ्रष्ट होती, हे खरंच आहे. पण ती सुधारायला सगळ्यात जास्त बळ कोणाकडे होतं? सगळ्यात मोठे कर भरू शकणाऱ्यांकडे. ते हद्दीबाहेर उभे राहिले. आणि सोझे हे एकटं उदाहरण नाही. नकाशा काढ. शहराच्या उत्तरेला नॅशनल सिटी. जनावरांच्या बाजाराचं आणि कत्तलखान्यांचं गाव, १९०७ मध्ये नोंदवलेलं. दक्षिणेला सोझे, १९२६. आग्नेयेला अॅल्युमिनियम कंपनीच्या भोवतीचं अॅलॉर्टन, १९४४. शहराचं नाव ज्या उद्योगांमुळे झालं, ते उद्योग एकेका खेड्यात बसलेले आणि कामगार शहरात राहायला. मुलांची शाळा, कचरा, पोलीस, आग विझवणारे बंब, सगळं शहराने बघायचं. करपात्र यंत्रं आणि इमारती रेषेपलीकडे.

भाचा : कामगारांना पगार मिळत होता. पगारातून घरं झाली, घरांवर कर बसला. रेषेपलीकडचा पैसा रेषेअलीकडे येतच होता.

मावशी : येत होता, कारखाना चालू होता तोपर्यंत. पण कोणाला येत होता तेही बघ. १९१७ मध्ये अॅल्युमिनियम कंपनीत संप झाला. दक्षिणेकडून आलेल्या काळ्या कामगारांना संप मोडायला आणल्याचा राग पेटवला गेला, आणि जुलैच्या पहिल्या दिवसांत गोऱ्या जमावांनी काळ्यांच्या वस्त्या जाळल्या. सरकारी मोजणीत ३९ काळे आणि ९ गोरे मेले. प्रत्यक्षात मेलेल्या काळ्यांची संख्या शंभराच्या वर असावी असं अनेक अभ्यासक मानतात. मृतांची ही मोजणीसुद्धा शेवटपर्यंत नीट झाली नाही. हद्दी आखल्या गेल्या त्या अशा शहराभोवती.

भाचा : मग सोझेवर त्याचं खापर का? १९१७ ला सोझे नव्हतंच.

मावशी : खापर फोडत नाही. ज्या शहरात कामगार एकत्र येऊ शकत नव्हते, त्या शहराच्या कडेने कारखान्यांची खेडी कापून घेणं सोपं गेलं असणार, एवढंच म्हणते. हे माझं अनुमान आहे, तक्त्यातलं नाही.

नॅशनल सिटीची पुढची गोष्ट दोघांच्या बोलण्यात आली नाही, पण ती सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. १८७३ पासून चालत आलेला तो जनावरांचा बाजार १९९७ मध्ये बंद झाला. गावातली सगळी घरं बाजार चालवणाऱ्या कंपनीच्या मालकीची होती. बंद करण्याआधी कंपनीने भाडेकरूंना बाहेर काढलं. लोकसंख्या शून्य झाली, शून्य लोकसंख्येचं गाव न्यायालयाच्या आदेशाने विसर्जित झालं आणि त्याची जमीन शेजारच्या फेअरमाँट सिटी या खेड्यात गेली. आपल्या महसुली दप्तरात बेचिराग गावांच्या नोंदी आहेत. ती गावं बहुतेक दुष्काळाने, साथीने, पाणी आटल्याने नाहीतर धरणात जमीन गेल्याने ओस पडली. इथे भाडेकरार संपवून गाव रिकामं केलं गेलं. लोकसंख्या हा आकडा माणसं जन्मल्याने, मेल्याने आणि स्थलांतराने बदलतो असं आपण शाळेत शिकलो. मालकाच्या नोटिशीनेही तो बदलतो.

भाचा : तू कारखान्यांनी काय नेलं तेच सांगतेस. आता मी काय आलं ते सांगतो. सोझेतलं सांडपाणी केंद्र घे. अमेरिकन बॉटम्स नाव आहे त्याचं. चालवतं सोझे आणि पाणी येतं ईस्ट सेंट लुइसचं, काहोकियाचं, आसपासच्या वस्त्यांचं. १४१ माणसांचं खेडं दहा हजारांवर माणसांचं सांडपाणी शुद्ध करतं. कुठल्या खेड्याने शेजाऱ्यांसाठी एवढं केलं?

मावशी : हे काम मोठं आहे. त्यात मी काही कमी दाखवणार नाही.

भाचा : आणि उद्योग बदलत गेले तसं गाव बदललं. तेलशुद्धीकरणाचा कारखाना गेला, जस्ताचा कारखाना गेला, जुन्या रबराचा गेला. मग गावाने हातावर हात ठेवले नाहीत. बेसबॉलचं मैदान आणलं, तिथे २००२ पासून सामने होतात. मिझुरीतले बार बंद झाले की नदी ओलांडून लोक सोझेच्या क्लबात येतात. नैतिक भाग सोडून दे, पण हा महसूल आहे. बाकीच्या गावांनी असा एक तरी मार्ग शोधला का?

मावशी : ईस्ट सेंट लुइसने शोधला. १९९३ मध्ये नदीवर जुगाराची बोट आणली आणि शहराचा मोठा महसूल तिच्यावर उभा राहिला. म्हणजे दोघांनीही रात्रीचा धंदाच केला. फरक एवढा, की सोझेचा महसूल १४१ माणसांच्या गावाला पुरतो आणि उरतो. ईस्ट सेंट लुइसला त्यातून शहर चालवायचं आहे. आता मी तुला विचारते. मोन्सँटोने त्या गावात काय बनवलं?

भाचा : बरंच काही. आम्ल, क्लोरीन, रंगांचे आणि औषधांचे कच्चे पदार्थ. आणि पीसीबी. माहीत आहे तुला काय विचारायचंय ते.

पीसीबी हा क्लोरीनयुक्त रसायनांचा एक गट. ट्रान्सफॉर्मर आणि कपॅसिटरमध्ये ही द्रव्यं भरायचे, कारण ती पेटत नाहीत आणि लवकर विघटित होत नाहीत. याच गुणामुळे ती मातीत, माशांत आणि माणसाच्या चरबीत राहतात. अमेरिकेत ती जवळजवळ सगळी मोन्सँटोनेच बनवली, अलाबामातल्या अॅनिस्टनला आणि सोझेला. अॅनिस्टनचं उत्पादन १९७१ मध्ये थांबलं, सोझेचं १९७७ मध्ये. १९७९ मध्ये देशभर बंदी आली. सोझे आणि काहोकियातून वाहणाऱ्या एका ओढ्यात आणि त्याच्या काठच्या खड्ड्यांत कारखान्यांचं पाणी आणि कचरा वर्षानुवर्षं जात राहिला. त्या ओढ्याचं नाव डेड क्रीक. १९८० च्या सुमारास या ओढ्याच्या कोरड्या पात्रातली माती आपोआप धुमसल्याच्या तक्रारी झाल्या. १९८० मध्ये झालेल्या सुपरफंड कायद्याखाली पुढे या परिसराची साफसफाई केंद्र सरकारच्या पर्यावरण खात्याच्या देखरेखीखाली सुरू झाली, आणि ओढ्यातला गाळ उपसून बंदिस्त जागेत ठेवावा लागला.

भाचा : यावर माझं म्हणणं ऐक. मी या धंद्यात आहे. १९३०-४० मध्ये पीसीबीबद्दल आज आहे ती समज समाजाला नव्हती.

मावशी : समाजाला नव्हती. कंपनीला काय आणि कधी कळलं यावर न्यायालयांत पुष्कळ कागद आले आहेत, तो वेगळा विषय. मी हद्दीबद्दल बोलते आहे. अशा द्रव्याच्या कारखान्याने आपलं पाणी कुठे सोडायचं, हे ठरवण्याचा स्थानिक अधिकार कोणाकडे होता? कारखान्याच्या नावाच्या गावाकडे. गावातली मुलं वजा केलीस तर मतदार किती उरतात? शंभर म्हण. त्यातली कित्येक घरं कारखान्याशी किंवा पंचायतीशी पोटाने बांधलेली. ओढा मात्र हद्दीपाशी थांबत नाही. तो काहोकियात जातो. तिथल्या माणसांना सोझेत मत नाही.

भाचा : म्हणूनच राज्य आणि केंद्राचे कायदे आले. ते हद्द बघत नाहीत.

मावशी : आले, पण केव्हा? पन्नासेक वर्षांनी.

भाच्याने इथे विषय बदलला नाही, आणि त्याचा पुढचा मुद्दा मला या सगळ्या वादातला सर्वांत वजनदार वाटतो. माझा कल मावशींकडे आहे, तो लपवत नाही. पण या मुद्द्याला वळसा घालून मावशींची बाजू धरता येत नाही.

भाचा : तुझ्या सांगण्यातून असं वाटतं, की सोझे शहरात असतं तर ईस्ट सेंट लुइस आज सुखात असतं. हिशेब लाव. त्या शहराची लोकसंख्या १९५० मध्ये ८२ हजारांच्या वर होती. आर्मर कंपनीचा कत्तलखाना १९५९ मध्ये बंद झाला, पाठोपाठ दुसरे गेले. मांस रेल्वेने न जाता ट्रकने जायला लागलं, कत्तलखाने जनावरांच्या जवळ, आयोवा-नेब्रास्काकडे सरकले. महामार्ग शहराच्या मधून काढले. गोरी कुटुंबं उपनगरांत गेली. २०२० मध्ये १८,४६९ माणसं उरली. यातलं एकही कारण सोझेने तयार केलेलं नाही. रसायनांच्या कारखान्यांवर शहराने कर वाढवला असता तर ते लुइझियाना-टेक्ससला गेले असते. आज जे चारदोन कारखाने नदीकाठी उरलेत तेही नसते.

मावशी : यातला पहिला भाग पूर्ण मान्य. कत्तलखाने कुठल्याही हद्दीने थांबले नसते. नॅशनल सिटी तर कंपनीचंच गाव होतं, तरी कंपनी गेली. सवलतीने उद्योग टिकतो असंही नाही, हे त्यातून दिसतं. तू आत्ताच सोझेतल्या बंद कारखान्यांची यादी दिलीस. कमी कर आणि सैल नियम असूनही ते गेले ना?

भाचा : काही गेले, काही राहिले. रसायनं राहिली, तांबं राहिलं.

मावशी : राहिले त्यांचा कर कुठे गेला? तोच माझा प्रश्न आहे. वाईट दिवस आले तेव्हा ईस्ट सेंट लुइसकडे खर्च होता आणि करपात्र मालमत्ता नव्हती. ऐंशीच्या दशकात शहराला कचरा उचलायला पैसे उरले नाहीत. तुरुंगात जबर मारहाण झालेल्या एका माणसाला भरपाई द्यायला शहराकडे पैसे नव्हते, म्हणून १९९० मध्ये न्यायाधीशाने नगरपालिकेची इमारतच त्याच्या नावावर करायचा आदेश दिला. ती पुढे शहराकडेच राहिली, पण असा आदेश निघण्याची वेळ आली होती. जोनाथन कोझोलने १९९१ च्या 'सॅव्हेज इनइक्वॉलिटीज' या पुस्तकाची सुरुवात याच शहरातल्या शाळांपासून केली आहे. तिथे शाळेचा मोठा पैसा स्थानिक मालमत्ता करातून येतो. घरांची किंमत पडली की शाळेचा पैसा पडतो. आणि हे सगळं चालू असताना त्यांना धूर दिसत होता, कारखान्याचा भोंगा ऐकू येत होता. फक्त तो कारखाना त्यांच्या गावात नव्हता.

भाचा : शाळांचे जिल्हे खेड्यांच्या हद्दीप्रमाणे नसतात मावशी. सोझेचे कारखाने दुसऱ्या शाळा-जिल्ह्याला कर देतात.

मावशी : बरोबर. म्हणजे एकावर एक रेषा. एक रेषा पोलिसांची, एक शाळेची, एक सांडपाण्याची. प्रत्येक रेषा काढताना कोणी तरी टेबलाशी बसलं होतं. ईस्ट सेंट लुइसच्या माणसाला त्या टेबलाशी किती वेळा बसायला मिळालं, ते शोध.

भाचा : आणि आपल्याकडे काय वेगळं आहे? राज्यघटनेच्या २४३-क्यू कलमातच सवलत आहे. एखादा भाग राज्यपालांनी औद्योगिक नगर म्हणून जाहीर केला आणि तिथल्या सेवा कारखाना पुरवत असला, तर तिथे नगरपालिका नाही केली तरी चालते. जमशेदपूरमध्ये या प्रश्नावर किती वर्षं वाद चालला. महाराष्ट्रात एमआयडीसीसाठी आपण वेगळी हद्द आखतो आणि त्याला विकास म्हणतो. बाहेरच्या गावच्या विहिरीला वास आला की कोणाकडे जायचं हे गावाला समजत नाही. मग अमेरिकेच्या एका खेड्यालाच नावं का ठेवायची?

मावशी : मी नावं ठेवत नाही रे. लोटे एमआयडीसीच्या बाजूच्या खाडीकाठची माणसं मला माहीत आहेत, मासळी कमी झाल्याचं ती सांगतात तेव्हा त्यांना कोणता कागद दाखवायचा हे मलाही सुचलेलं नाही. पण तू जे उदाहरण दिलंस त्याने तुझी बाजू बळकट होत नाही, माझी होते. हद्द कारखान्याला सोयीची काढली की हिशेबाचे दोन तुकडे होतात. एका वहीत उत्पादन, दुसऱ्या वहीत त्रास. दोन्ही वह्या एका टेबलावर कधी येत नाहीत. माझ्या नोकरीत मी एक वही भरत होते. दुसरी मागायला हवी, हे पुष्कळ उशिरा कळलं.

भाचा : मग तूच सांग, सोझेचा तक्ता कसा असायला हवा?

मावशी : वय, वंश, उत्पन्न ठेव. ते लागतंच. त्यापुढे चार रकाने घाल. या हद्दीत रोज कामाला येणारे किती आणि ते राहतात कुठल्या गावात. त्यांची मुलं कुठल्या शाळेत आहेत. या हद्दीतल्या मालमत्तेचं मूल्य किती आणि त्यावरचा कर कोणत्या संस्थेला जातो. या हद्दीतून बाहेर पडणारी हवा आणि पाणी कोणत्या हद्दीत शिरतं.

भाचा : यातली बरीच माहिती वेगवेगळ्या खात्यांकडे आहे. कामाला कोण कुठून येतं याचे आकडे जनगणना खातंच काढतं. प्रदूषणाचे आकडे कारखान्यांना दरवर्षी पर्यावरण खात्याला द्यावे लागतात, तो कायदा १९८६ चा. कर तालुक्याच्या, म्हणजे तिथल्या काउंटीच्या, दप्तरात आहे.

मावशी : म्हणजे माहिती आहे. गावाच्या नावाखाली ती एकत्र लिहिलेली नाही, एवढंच. लोकसंख्येच्या पानावर १४१ येतात, धुराच्या पानावर टन येतात, आणि वाचणारा दोन्ही पानं वेगवेगळ्या दिवशी वाचतो.

भाचा : हे तू म्हणतेस ते मला पटतंय. पण मी एक सांगतो, सोझेत राहणारी माणसं खलनायक नाहीत. भट्टीच्या आणि कारखान्यांच्या सगळ्यात जवळ तीच राहतात. वीस वर्षांत २४९ ची १४१ झाली. त्यांनाही कोणी विचारत नाही.

मावशी : अगदी खरं. त्यांना गाव मिळालं, पण गावपण मिळालं नाही. आणि म्हणूनच मला २०२१ ची गोष्ट महत्त्वाची वाटते. अॅलॉर्टन, सेंटरव्हिल आणि काहोकिया या तीन गावांनी मिळून काहोकिया हाइट्स नावाचं एक शहर केलं. सांडपाणी घरांत शिरायचं, गटारं मोडलेली, तिघांकडेही पैसा नाही. एकेकट्याने जमत नाही म्हणून रेषा पुसल्या. अॅल्युमिनियमसाठी कापलेलं अॅलॉर्टन पुन्हा शेजाऱ्यांत मिसळलं. सोझे त्यात नाही.

भाचा : का असावं? तीन गरीब गावांच्या मोडक्या गटारांचा खर्च सोझेने का उचलावा?

मावशी : कारण त्या गटारांचं पाणी शेवटी सोझेच्याच केंद्रात येतं. नळी एक आहे, ओढा एक आहे, हवा एक आहे. वेगळी आहे ती फक्त करांची पावती.

भाचा : आणि १४१ जणांनी नको म्हटलं तर? लोकशाही आहे तिथे. त्यांच्या मताविरुद्ध त्यांचं गाव मोडायचं?

मावशी : त्यांचं मत घ्यायचंच. पण त्याच दिवशी, त्याच प्रश्नावर, काहोकिया हाइट्सचं आणि ईस्ट सेंट लुइसचंही मत घ्यायचं. १९२६ मध्ये ते कोणी घेतलं नव्हतं.

भाचा : तसं मतदान इलिनॉयच्या कायद्यात बसेल का, मला शंका आहे.

मावशी : मग आधी तो कायदा वाचू. तुझ्याकडे आहे का?